भेटीची वेळ चार ते सहा

मिरजेत कुणी फिरायला येत नाही.
येतात ते फाइल घेऊन,
काखेत एक्स-रेचं पाकीट,
पिशवीत थर्मास, चादर,
कागदाच्या पुडीत घरच्या देवाचा अंगारा.

म्हणून पायगोंडानं विचारलं तेव्हा
मी सुट्टे मोजता मोजता थांबलो.
‘औषधं झाली. चारपर्यंत आत सोडत न्हाईत.
इथं बघण्यासारखं काय हाय?’
अथणीकडचा माणूस. मराठी जपून बोलणारा,
दुसऱ्याच्या घरातली कपबशी धरावी तसा.

बावीस वर्षं मी या काउंटरमागं.
कुठली गोळी कुठल्या खणात, डोळे मिटून सांगेन.
पण बघण्यासारखं?
दुकान भाच्यावर टाकलं, लुना काढली.

आधी स्टेशन दाखवलं. का, ते विचारू नका.
म्हटलं, पूर्वी इथं तीन मापांचे रूळ होते,
मोठे, मधले, लहान,
एका गाडीतून उतरायचं, ओझं उचलायचं, दुसरीत चढायचं.
त्याचं लक्ष नव्हतं.
फलाटावर दोन बायका कन्नडमधून कडाकडा भांडत होत्या,
ते ऐकून तो पहिल्यांदा हसला.

लक्ष्मी मार्केटात कासीमबी हार ओवत होती.
एकाच टोपलीतून
गणपतीचा हार, दर्ग्याची चादर,
मिशनच्या चर्चमधल्या लग्नाचा गुच्छ.
भाव तिन्हींचा वेगळा.
त्यानं शेवंतीची दोन फुलं घेतली, पैसे मोजून दिले,
आणि कुठं ठेवावी ते न कळून
खिशात ठेवली, चश्म्याच्या जागी.

दर्ग्यात त्यानं चपला जोडीनं लावून काढल्या.
डोक्यावर टोपी होतीच, पांढरी, खादीची.
‘मागायचं कसं इथं?’
म्हटलं, मला ठाऊक नाही, मी उरुसात येतो,
चिंचेखाली रात्रभर गाणं असतं त्याला.
मग तो कन्नडमधून काहीतरी म्हणत राहिला,
बराच वेळ, हिशेब सांगावा तसं.
आत कळत असणार.

कृष्णाघाट राहिला.
घाटाशेजारी काय आहे
ते वळणावर आल्यावर माझ्या ध्यानात आलं,
लुना सरळ घातली.
त्यानं पाटी वाचली होती. बोलला नाही.

सतारमेकर गल्लीत ओट्यावर भोपळे वाळत होते,
कडू, जाड सालीचे, एकेक पोटुशीएवढा.
इलाही चाचांनी एक मांडीवर घेतला,
बोटाच्या पेरानं ठोकला, कान लावला.
‘अजून ओला आहे. बोलायला वर्ष लागंल.’
पायगोंडा खाली बसला.
‘डॉक्टर हिच्या पाठीवर असंच करत्यात,’ म्हणाला.
चाचांनी भोपळा त्याच्याकडे सरकवला.
त्यानं ठोकला. परत ठोकला.
आत दुकानात चाचांची नात तहसीन
तंबोऱ्याची खुंटी पिळत होती,
सूर चढत चढत एका जागी आला
आणि तिथंच राहिला.
मी रोज दोनशे पावलांवर असतो.
हे मी ऐकलं नव्हतं.

तीन पन्नास. परत निघालो.
वाटेत मागच्या सीटवर तो पाठ करत होता,
बायकोला काय काय सांगायचं:
रेल्वे, बाजार, दर्गा, भोपळे.
प्रत्येक वेळी क्रम चुकत होता.

सिस्टर अन्नम्मांनी दारातच सांगितलं,
त्यांच्या त्या केरळच्या वळणाच्या मराठीत,
‘दहा मिनिट. बोलायला लावू नका त्यांना.’
मी काचेबाहेर उभा राहिलो,
तसं माझं काम नव्हतं तिथं.
फुलं त्यानं उशीपाशी ठेवली, चेपलेली.
तोंड उघडलं, मिटलं.
मग बोटाच्या पेरानं
खाटेच्या लोखंडी कडेवर ठोकलं, हलकेच,
आणि कान लावला.
तिनं मान वळवून बघितलं,
ह्या माणसाला झालं तरी काय,
आणि नळीतल्या हातानं
पलीकडून ठोकलं एकदा.